रखमाआत्या विरुद्ध रखमाआत्या

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "वकीलसाहेब, धंद्यातले गमतीदार किस्से लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं, कारण ऐकणारा प्रत्येक जण हसतो असा एक किस्सा माझ्याकडे आहे. कधीही जन्माला न आलेल्या एका बाईने इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या एका हयात बाईला कोर्टात खेचलं. मागणी अशी, की या बाईने स्वतःचं नाव वापरू नये.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. मला स्वतःला अजून हसू आलेलं नाही.

माझी वकिली बारामतीची. आमच्याकडे दिवाणी वकील म्हणजे बांध, वाटणी, वहिवाटीचा रस्ता आणि चोरून टाकलेली पाइपलाइन. व्यापारचिन्हाचा, म्हणजे ट्रेडमार्कचा, कायदा मी परीक्षेपुरता वाचला आणि परीक्षेनंतर विसरलो. त्याची आठवण करून दिली वडगाव निंबाळकरच्या हणमंतरावांनी. त्यांचं रस्त्याकडेला छोटं वर्कशॉप होतं. रोटाव्हेटरची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरून जमीन भुसभुशीत करणाऱ्या यंत्राची, पाती ते घडवायचे. दारावर पाटी होती : "हणमंत इंजिनिअरिंग. अमुक कंपनीच्या रोटाव्हेटरला बसणारी पाती मिळतील." कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तिचे वकील दिवाळी अंकही वाचत असतील.

एके दिवशी गळ्यात पट्टा, पट्ट्यात ओळखपत्र आणि डोळ्यांवर काळा चष्मा असा एक गृहस्थ दोन पोलीस शिपाई घेऊन वर्कशॉपवर आला. तो स्वतःला 'तपास अधिकारी' म्हणवत होता. प्रत्यक्षात तो एका खाजगी एजन्सीचा पगारी माणूस होता. कंपन्या अशा एजन्सी पाळतात. त्याने टेम्पो भरून पाती उचलली आणि पोलीस ठाण्याच्या आवारात नेऊन टाकली. हणमंतराव माझ्याकडे आले तेव्हा रागापेक्षा गोंधळलेले जास्त होते.

"सायेब, पाती मी घडिवली. पाटीवर नाव माझं हाय. कशाला बसत्यात तेवढं लिवलं. आता जावई कुनाच्या घरचा हाय ते सांगितलं, तर त्यांचं पोरगं पळिवलं म्हंत्यात व्हय?"

कायद्याचं उत्तर अगदी हेच आहे, फक्त त्यात जावई नाही. आपला सुटा भाग कोणत्या यंत्राला बसतो हे प्रामाणिकपणे सांगायला दुसऱ्याचं नाव वापरावंच लागत असेल, तर ते वापरता येतं. शिवाय असा छापा शिपायांनी घालायचा नसतो. त्याला वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी लागतो आणि त्यानेही आधी व्यापारचिन्हांच्या निबंधकाचं मत घ्यायचं असतं. मी हे सगळं कोर्टात मांडलं, आणि पाती परत देण्याचा हुकूम झाला. तोवर पावसाळा येऊन गेला होता. हणमंतरावांनी ठाण्याच्या आवारातून पाती उचलली ती गंजाच्या ढेपा म्हणून. "जितलो न्हवं आपुन?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "जिंकलो." ते टेम्पोकडे बघत म्हणाले, "मग हे काय हाय?"

तेव्हापासून तालुक्यात माझी ख्याती झाली, की नावाच्या भानगडीत हा वकील सोडवतो. या ख्यातीमुळेच रखमाआत्यांची केस माझ्याकडे आली.

त्यांची गोष्ट सांगण्याआधी हा कायदा काय आहे ते दोन शब्दांत सांगतो, म्हणजे कोणी कोणाला लुटलं ते कळेल. एखाद्याने मालासाठी नाव नोंदवलं, की तसल्या मालावर ते नाव दुसऱ्याने वापरलं तर तो थांबवू शकतो. इथवर ठीकच आहे. पण नाव म्हणजे जमीन नाही, की ज्याचा सातबारा त्याचीच. म्हणून कायद्याने बचावाच्या वाटा ठेवल्या आहेत. मालाचं नुसतं वर्णन करणारे शब्द कोणालाही वापरता येतात. 'कांदा-लसूण मसाला' या शब्दांवर कोणाच्या बापाची मालकी नाही. माणूस स्वतःचं नाव आपल्या धंद्याला प्रामाणिकपणे देऊ शकतो. आणि नोंदणीवाल्याच्या आधीपासून जो ते नाव अखंड वापरत आला आहे, त्याला नोंदणीवाला हात लावू शकत नाही. वाचायला फार सुंदर वाटा आहेत. त्यांच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत माणसाचं काय होतं, ते पुस्तकात नसतं.

रखमाआत्या शेळगावच्या लेक. लग्न होऊन गेल्या आणि काही वर्षांतच नवरा वारल्यावर माहेरी परत आल्या. भाऊ ज्ञानोबातात्या यांनी घराशेजारची पडवी दिली. माहेरी राहणारी बाई आमच्याकडे साऱ्या गावाची आत्या होते, म्हाताऱ्यांचीसुद्धा. आत्यांनी पडवीत डंका बसवला. डंका म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, त्यात लोखंडी मुसळं आळीपाळीने वर-खाली होतात. आधी लोकांचा मसाला कुटून दिला, मग स्वतःचा विकायला सुरुवात केली. पुडीवर छापलं 'रखमाआत्या मसाले, शेळगाव'. दुसरं काय छापणार?

त्यांची एक रीत होती. गावातल्या प्रत्येक लेकीच्या लग्नात त्या स्टीलचा मसाल्याचा डबा द्यायच्या, आपल्या मसाल्याने भरलेला. आहेराच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. भांड्याच्या दुकानातलं छोटं मशीन कुरकुर करत अक्षरं कोरतं. आत्यांच्या डब्यावर असायचं : 'रखमाआत्या मसाले, शेळगाव यांजकडून सप्रेम भेट', खाली लग्नाची तारीख. लेकी नांदायला कळसला गेल्या, बारामतीला गेल्या, नीरेच्या पलीकडे फलटणलाही गेल्या. डब्यातला मसाला संपला की निरोप यायचा, 'आत्या, डबा रिकामा झाला.' तेच त्यांचं दुकानांचं जाळं होतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्यांनी याला मोठं नाव दिलं असतं आणि पडद्यावर चित्रं दाखवली असती. आत्या त्याला 'लेकीबाळींचं करनं' म्हणायच्या.

आता दुसऱ्या रखमाआत्यांकडे वळू. पुण्याजवळ खाद्यपदार्थांची एक कंपनी निघाली. तिला मसाल्यासाठी 'मातीतलं' नाव हवं होतं. दाव्यात तिने लिहिलं होतं, की जाहिरात संस्थेच्या 'सखोल विचारमंथनातून' हे नाव 'निर्माण' झालं. सोबत चित्र होतं. नऊवारी, ठसठशीत नथ, हिरवा चुडा, हातात खलबत्ता आणि चेहऱ्यावर असं हसू, जे मिरची कुटणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मी कधीही पाहिलेलं नाही. खाली ओळ होती, 'सात पिढ्यांची चव'. कंपनीचा स्वतःचा जन्म इतका अलीकडचा, की तिची एक पिढीही अजून शाळेत गेली नसेल. बारामतीच्या एका प्रदर्शनात आत्यांनी बचत गटाच्या मांडवात आपल्या पुड्या ठेवल्या होत्या, तेव्हा पुण्याच्या कोणी साहेबाने पुष्कळ पुड्या नेल्या आणि फोटोही काढले, असं ज्ञानोबातात्या सांगतात. पण संशयाला पुरावा म्हणत नाहीत. म्हणून मी हे कोर्टात बोललो नाही, इथे बोलतोय.

एक दिवस ज्ञानोबातात्यांचा फोन आला. "वकीलसायेब, हितं कोर्ट आलंय."

कोर्ट म्हणजे कोर्टाने नेमलेला कमिशनर, कंपनीचे दोन वकील आणि एक छायाचित्रकार. पुण्याच्या कोर्टाने आत्यांचं काहीही न ऐकता मनाईहुकूम दिला होता. कायद्याला तेही चालतं. आधी कळवलं तर माल लपवतील, असं सांगितलं की पुरतं. दावाही पुण्यात लावता येतो, कारण या कायद्यात दावा लावणारा स्वतःच्या अंगणात दावा लावू शकतो. शेळगावच्या बाईने उत्तर द्यायला पुण्याला जायचं, नि कंपनीने लिफ्टने खाली उतरायचं.

मी मोटरसायकलवर पोहोचलो तेव्हा उन्हाळ्याचे दिवस, डंक्याचा ऐन हंगाम होता. पडवीत मिरचीचा खकाणा भरलेला. कमिशनर तरुण आणि सभ्य होता, पण त्याला शिंका आवरत नव्हत्या. तो एक ओळ लिहायचा, शिंकायचा, पुन्हा लिहायचा. रखमाआत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. बारीक बाई, कपाळ मोकळं, पदर नीट खोचलेला.

"तोंडाला फडकं बांधा, लेकरा," त्या त्याला म्हणाल्या. "कागुद नंतर बी लिवता येतंय."

"आजी, तुमचं नाव?"

"रखमा."

"पूर्ण नाव? आधार कार्ड आहे?"

आत्यांनी पेटीतून आधार कार्ड काढून दिलं. त्याने वाचलं आणि वकिलांकडे पाहिलं. वकिलांपैकी एक हसला. ते हसू मला तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं. मग पुड्या, छापलेल्या पिशव्या, मसाला भरलेली पिंपं, सगळ्यावर लाखेचे शिक्के बसले. तयार मसाल्याच्या पिंपावर कागद चिकटवताना आत्यांनी एवढंच विचारलं, "ह्यातला शेजारच्या पिंटीच्या घरला द्यायचाय. तिचं डोहाळजेवान हाय. एवढा काढून घिऊ का?" वकील म्हणाला, "सॉरी." त्याला मराठी येत होतं.

ज्ञानोबातात्यांना एकच प्रश्न पडला होता. "पर सायेब, ती बाई हाय तरी कोन? तिलाच भेटून मिटवू की."

"ती बाई नाहीच, तात्या. चित्र आहे."

"चित्रानं दावा लावला?"

"हो."

तात्यांनी शिक्के मारलेल्या पिंपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग आपुन बी कुनाचं तरी चित्र काढून आनायला पायजे हुतं."

पुण्यात सुनावणी सुरू झाली. माझा पहिला बचाव सरळ होता : हे तिचं नाव आहे. माणूस स्वतःचं नाव वापरू शकतो. कंपनीचे मोठे वकील उठले. काळा कोट इतका उत्तम शिवलेला, की माझा कोट मला प्रथमच दिसला. त्यांनी आधार कार्डाची प्रत पुढे केली.

"सर, प्रतिवादीचं नाव रखमा नाही. मंगल आहे. आधार, बँक, खाद्यपदार्थांचा परवाना, सगळीकडे मंगल. स्वतःचं नाव वापरण्याचा बचाव तिला मिळेल कसा? रखमा हे तिचं नावच नाही."

आधार कार्ड बघून त्यांचा वकील हसला होता, तो यासाठी.

वाचकांपैकी बायकांना ताबडतोब कळलं असेल. लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, मग ते सगळ्यांना दाखवतात, पेढे वाटतात. रखमाची मंगल झाली ती अशी. नवरा गेला, सासर सुटलं, पण तांदळात लिहिलेलं नाव कागदावर राहिलं. शेळगावात मंगल म्हणून हाक मारली तर कोणी वळूनही बघितलं नसतं. माणसं जिला रखमा म्हणत होती ती कायद्याला मंगल होती, आणि कायद्याला जी रखमा होती ती एक रंगीत चित्र होती.

मी हे कोर्टाला सांगितलं. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं. पण कंपनीचे वकील म्हणाले, "ही भावनिक गोष्ट झाली." माझ्या अनुभवात एखादी गोष्ट खरी असून गैरसोयीची असली, की तिला भावनिक म्हणतात. पुढे ते असंही म्हणाले, की नोंदणीआधी नावाची जाहिरात व्यापारचिन्हांच्या सरकारी जर्नलमध्ये आली होती, हरकतीला चार महिने होते, मग ही बाई तेव्हा गप्प का राहिली? हे जर्नल दर आठवड्याला संगणकावर निघतं. शेळगावात डंक्याशेजारी बसून ते वाचायची आत्यांची सवय नव्हती. मला फार बोलायचं होतं. न्यायाधीश म्हणाले, "आधीपासूनच्या वापराचा पुरावा असेल तर तो आणा."

बचाव दुसरा : आधीपासूनचा वापर. पुरावा कुठला? पुड्या लोकांनी फोडून फेकल्या होत्या. छापखाना बंद पडला होता. आत्या रोखीत विकायच्या आणि तोंडी हिशेब ठेवायच्या. मी आत्यांच्या घरी जमिनीवर बसून हेच विचारत होतो, तेवढ्यात त्यांनी चहात घालायला आलं काढायला मांडणीवरचा डबा उचलला. त्यावर नाव होतं.

"आत्या, हे डबे किती लेकींना दिलेत?"

"मोजून कोन देतं, सायेब? गावातली एक बी सोडली न्हाय."

आणि प्रत्येक डब्यावर तारीख. कंपनी जन्मायच्या आधीच्या तारखा. बत्तीस वर्षांच्या वकिलीत कोरलेला पुरावा मला प्रथमच मिळत होता. निरोप गेले. भावाबहिणींच्या, भावजयांच्या फोनवरून गावोगावच्या सासरी निरोप पोहोचला, 'आत्याचा डबा घेऊन या, कोर्टात दाखवायचा हाय.' लेकी आल्या. एसटीने आल्या, नवऱ्याच्या मागे गाडीवर आल्या. कोणाचा डबा चेपलेला, कोणाच्या डब्याचं झाकण दुसऱ्याच भांड्याचं, एकीच्या डब्यात मसाल्याऐवजी पोराच्या गोट्या. मी एकेक डबा हातात घेत होतो, तारखा बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता बघू विचारमंथन.

त्यातच सुनीताचा डबा होता. सुनीता कळसला दिलेली. डबा लखलखीत होता. राखेने घासून आणला असेल, असं वाटलं. इतर डबेही घासूनच आणलेले होते, कोर्टात खरकटं कोण नेईल?

सुनावणीच्या दिवशी मोठ्या वकिलांनी नेमका तो डबा उचलला. उलटा करून न्यायाधीशांपुढे धरला. बुडावर भांडं बनवणाऱ्या कारखान्याचा ठसा होता, आणि सोबत कारखान्याची संकेतस्थळावरची माहिती त्यांनी हजर केली. तो कारखानाच डब्यावरच्या लग्नाच्या तारखेनंतर कित्येक वर्षांनी सुरू झाला होता.

"सर, लग्नाच्या वेळी हा डबा अस्तित्वातच नव्हता. हा पुरावा नुकता तयार केलेला आहे. मग उरलेल्या डब्यांवर विश्वास का ठेवायचा?"

सुनीता मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला सगळं समजलं. कोर्टाच्या व्हरांड्यात आल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला.

"जुना लई चेपला हुता वो, सायेब. कोर्टात तसला डबा कसा न्यायचा? आत्याची आब्रू काय ऱ्हायली असती? म्हून मोडीत दिला, नवा घेतला, अन् हाय तसंच नाव घालून आनलं. तारीख बी तीच घातली. एक काना बी बदलला न्हाय."

आपल्याकडे भांडं असंच नवं होतं. जुनं मोडीत द्यायचं, वर थोडे घालून नवं घ्यायचं, आणि आहेराचं असेल तर देणाऱ्याचं नाव पुन्हा घालून घ्यायचं. माणूस विसरायचं नसतं म्हणून. तिने आत्यांचा मान राखायला जे केलं, त्याला कायद्याच्या पुस्तकात बनावट पुरावा म्हणतात. आत्या तिच्याजवळ गेल्या. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "झाकन तरी घट बसतंय न्हवं नव्याचं?"

मनाईहुकूम कायम राहिला. न्यायाधीशांना मी फार दोष देत नाही. त्यांच्यापुढे एक खोटा डबा होता, आणि त्यांना मोडीत घालायची रीत कोणी कायद्याच्या महाविद्यालयात शिकवली नव्हती. माझा राग त्या काळ्या कोटावर आहे. ते गृहस्थ मराठी होते. त्यांच्याही घरी आहेराची भांडी असतील, त्यांच्याही आईचं नाव तांदळात बदललं असेल. सुनीताने काय केलं हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "गोड बाई आहे हो. पण मी काय करणार? माझ्या हातात आयता आला." आणि त्यांनी मला सँडविच देऊ केलं. मी ते घेतलं नाही.

मग कंपनीकडून तडजोडीचा निरोप आला. त्यांचा एक अधिकारी शेळगावात आला, पडवीत खुर्चीवर बसला. प्रस्ताव असा, की आत्यांनी नाव सोडावं, आणि कंपनी आत्यांना आपल्या जाहिरातीत घेईल. 'खऱ्या रखमाआत्या' म्हणून. फोटो, व्हिडिओ, मानधन. फक्त नथ घालावी लागेल आणि मोठं कुंकू लावावं लागेल, कारण चित्रात तसं आहे.

ज्ञानोबातात्यांनी खाली मान घातली. आत्यांनी अधिकाऱ्याला चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "सायेब, माजा मालक वारल्याला तुमास्नी ठावं हाय का?"

"हो, हो. पण ती ॲक्टिंग असेल ना, आजी."

"मग ॲक्टिंगवाली आना की. नाव माजं, कुंकू तुमचं, आन् मसाला कुनाचा?"

त्याने चहा अर्धा टाकला.

आम्ही उच्च न्यायालयात अपील केलं. तारखा पडत गेल्या. आत्या कोऱ्या पुडीत मसाला विकू लागल्या, पण दुकानदार कोरी पुडी ठेवेनात. दोन उन्हाळे डंका लोकांचाच मसाला कुटत राहिला. शेवटी सुनावणी झाली ती जेमतेम एका चहाइतकी. न्यायमूर्तींनी विचारलं, एक डबा नवा असला तर बाकीचे इतके जुने, वेगवेगळ्या गावांतून आलेले डबे खोटे कसे ठरतात? आणि ज्या बाईला सगळे एका नावाने ओळखतात, ते तिचं नाव नाही तर कोणाचं? हुकूम उठला. नावही आत्यांचं, आधीपासूनचा वापरही आत्यांचा. निकाल अंतरिमच होता, पण कंपनीने पुढे दावा रेटला नाही.

संपादकांना इथे गोष्ट संपायला हवी असेल. आतषबाजी करून.

पण बचाव म्हणजे ढाल, तिने समोरच्याची तलवार मोडत नाही. आत्यांना त्यांचं नाव वापरता येईल एवढंच ठरलं. कंपनीची नोंदणी जागच्या जागी राहिली. ती उखडायची तर वेगळा अर्ज, वेगळी वर्षं. दरम्यान नथवाली आत्या तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात पोहोचली होती. आत्यांनी पुन्हा पुड्या छापल्या आणि इंदापूरच्या एका ओळखीच्या दुकानात नेल्या. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "आत्या, ठेवीन, पर खालच्या फळीवर. गिऱ्हाईक इचारतंय, हे डुप्लिकेट हाय का म्हून."

मला हे आत्यांनी सांगितलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. त्या म्हणाल्या, "तुमी कशाला चिडताय? तुमी तर जितला." मला हणमंतरावांचा टेम्पो आठवला.

गेल्या महिन्यात आत्या बारामतीला आल्या होत्या. पिंटीच्या धाकट्या बहिणीचं लग्न. म्हणाल्या, "चला माज्यासंगं भांड्याच्या दुकानात. निकालाचा कागुद बी घ्या." मला वाटलं गंमत करतायत. दुकानदाराने डबा पुसला, मशीन लावलं आणि चिठ्ठीवरचं नाव वाचून हात मागे घेतला.

"आत्या, हे तर कंपनीचं नाव हाय. मागं एकाला नोटीस आलीया. मला नगं भानगड."

मी पिशवीतून उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत काढून काउंटरवर ठेवली. मराठी मुलुखात एका बाईला आहेराच्या डब्यावर स्वतःचं नाव घालायला निकालाची प्रत दाखवावी लागली. शिक्का बघून दुकानदाराचं समाधान झालं. त्याने मशीन सुरू केलं.

आत्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. "आदी तारीख घाल. मोठी. मग माजं पूर्न नाव. रखमा बी आन् मंगल बी. मग गाव, तालुका, जिल्हा. आन् बुडाला कारखान्याचा ठसा हाय का बघ, नीट दिसाय पायजे. पावती दे."

कुरकुर करत अक्षरं उमटत गेली. झाकण भरत आलं. दुकानदाराने मशीन थांबवून विचारलं, "आत्या, सप्रेम भेट लिवायचं न्हवं?"

आत्यांनी झाकण उजेडाकडे धरलं, तिरकं करून पाहिलं.

"जागा उरली तर लिव," त्या म्हणाल्या.